खुर्ची सोडायची तारीख

2025 च्या जुलैत आमच्या नागपुरातल्या एका समारंभात सरसंघचालक मोहन भागवतांनी संघाचे जुने नेते मोरोपंत पिंगळे यांची एक आठवण सांगितली. पंचाहत्तरीची शाल खांद्यावर पडली की समजावं, वय झालं, आता जरा बाजूला व्हावं, असा तिचा आशय. झालं! पुढचे कितीतरी दिवस टीव्हीवर त्या शालीच्या घड्या उलगडणं चालू होतं. ऑगस्टमध्ये दिल्लीत भागवतांनीच सांगून टाकलं की आपण निवृत्त होणार किंवा दुसऱ्या कुणी व्हावं, असं आपण म्हटलेलंच नाही. राजकारणाचं राजकारणवाले बघतील. पण सदर भागातल्या माझ्या ओळखीच्या एक कॅथलिक बाई त्या दिवसांत भाजीवाल्यापाशी भेटल्या आणि हसत म्हणाल्या, "अवो मॅडम, हे पंचाहत्तरचं आमच्या पोपनं कधीचंच सांगून ठेवलंय. अन् आमच्याकडे शाल-बिल नाही, सरळ राजीनामाच मागतात!"

मी प्रोटेस्टंट, सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. अनुदानित शाळेत शिकवून अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी आले. महिनाअखेर निरोप समारंभ, नारळ, घड्याळ, पेन्शनची फाइल. सगळं वेळच्या वेळी. तुम्हाला जायचंय का, असं कुणी विचारलं नाही आणि विचारलं नाही तेच बरं झालं. पण तीच मी रविवारी चर्चमध्ये जाते तेव्हा तिथली गणितं वेगळी असतात. तिथे माणूस नोकरीवर नसतो, पाचारण झालेला असतो. देवानं बोलावलेल्याला घरी जा म्हणायचं कुणी?

कॅथलिकांनी हा प्रश्न कसा सोडवला ते आधी सांगते, कारण त्यांचा हिशेब लांबलचक आणि बराचसा नोंदलेला आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्ये बिशपांना विनंती केली, वयामुळे किंवा दुसऱ्या गंभीर कारणानं काम झेपेनासं झालं तर आपण होऊन पद सोडावं. आकडा नव्हता. आकडा नसलेली विनंती कोण ऐकतो? पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल यांनी तो घातला: 75. मग 1970 च्या नोव्हेंबरात दुसरा नियम आला. ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनलना, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्मगुरूंना, पोपच्या निवडणुकीत मत नाही. ऑत्ताव्हियानी आणि तिस्सेराँ हे दोन मुरलेले कार्डिनल त्यावर उघडपणे चिडले. स्वतः सहावे पॉल मात्र ऐंशीव्या वर्षी, 1978 मध्ये, पदावर असतानाच गेले. पोपला वयाची अट नाही. दुसरे जॉन पॉल चौऱ्याऐंशीपर्यंत कंपवातानं थरथरत जगासमोर बसून राहिले. सोळाव्या बेनेडिक्टनी 2013 मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी राजीनामा दिला, तर तो जवळपास सहाशे वर्षांनंतरचा पहिला ठरला. त्याआधीचे बारावे ग्रेगरी, 1415 मधले.

मला यात एक गंमत वाटते. आपल्याकडे पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव आणि ऐंशीला सहस्रचंद्रदर्शन. आकडे तेच. फक्त आपण त्या दिवशी माणसाला पाटावर बसवून ओवाळतो आणि रोम त्याच्याकडून पत्र मागतं. दोन्हीकडे पोटातली जाण एकच असावी, पण आपल्या समारंभाला पुढची पायरी नाही. ओवाळून झाल्यावर यजमान पुन्हा त्याच खुर्चीत बसतात.

अर्थात पत्र मागितलं म्हणजे माणूस मोकळा झाला असंही नाही. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, 401 व्या कलमातला शब्दप्रयोग सौम्य आहे: राजीनामा सादर करावा, अशी 'विनंती'. तो स्वीकारायचा कधी ते पोप ठरवतात. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस डिसेंबर 2019 मध्ये पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे ऐंशी पूर्ण झाल्यावर महिनाभरानं. मे महिन्यात नवा पोप निवडायला 133 कार्डिनल जमले, भारतातले चौघं होते, पण ग्रेशस त्यात नव्हते. ऐंशीची अट आडवी आली. पाच वर्षं रोज सकाळी उठून, आज पत्र येईल का उद्या, अशा अवस्थेत एवढा मोठा धर्मप्रांत चालवायचा! पोप फ्रान्सिसनी 2018 मध्ये एक आदेश काढून सांगितलं की मुदत वाढवली तर तो कुणाचा हक्क नव्हे आणि कौतुकही नव्हे, आणि निघून जायलाही शिकावं लागतं. ते स्वतः अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी पदावरच गेले. टीका नाही करत. पण लिहिलेलं आणि घडलेलं यांत अंतर राहतं ते असं.

आमच्या नागपूरचे आर्चबिशप अब्राहम विरुथाकुलंगरा यांच्यावर ती पत्राची वेळ आलीच नाही. 1977 मध्ये ते खंडव्याचे बिशप झाले, 1998 मध्ये नागपुरात आले आणि एप्रिल 2018 मध्ये दिल्लीला गेले असताना वारले. वय 74. चाळीसहून अधिक वर्षं बिशप. जिवंतपणी राजीनामा लिहायला लागला नाही याला भाग्य म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी त्या एकेचाळीस वर्षांपाशी थबकते. कारण वयाच्या नियमाची खरी उणीव तिथे आहे.

ती सांगण्यासाठी आमच्याच घरात यावं लागेल. 21 नोव्हेंबर 1970 ला रोममध्ये तो ऐंशीचा आदेश निघाला आणि बरोबर आठ दिवसांनी, 29 नोव्हेंबरला, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सीएनआय जन्माला आलं. सहा मंडळ्या एकत्र आल्या: अँग्लिकन; प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोघांचं आधीच एक झालेलं युनायटेड चर्च; बॅप्टिस्ट; ब्रेदरन; डिसायपल्स; आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. नागपुरी लोकांना याचा पत्ता नसतो. कॅथेड्रलसमोरून रोज जाणाऱ्यांनाही नसतो. असो. या सहा घरांतून येणाऱ्यांनी आपापली भांडीकुंडी आणली. अँग्लिकनांनी बिशप आणला, तोही डायोसीसला, म्हणजे धर्मप्रांताला, अंगठी घालून बांधलेला. प्रेस्बिटेरियनांकडे बिशपच नव्हता. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या ज्या परंपरेतून नागपुरात आले, तिथे महासभेचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, एका वर्षासाठी असतो. वर्ष संपलं की तो पुन्हा आपल्या गावच्या मंडळीत प्रवचन द्यायला उभा. ब्रिटिश मेथडिस्टांच्या परिषदेचा अध्यक्षही एका वर्षाचा.

सीएनआयनं दोन्ही घेतलं. बिशपला वयाची मर्यादा, पासष्ट. सिनडच्या, म्हणजे सगळ्या चर्चच्या वरिष्ठ सभेच्या, मॉडरेटरला मुदत, तीन वर्षांची. एकाच घरात दोन घड्याळं. आणि माझं मत असं की त्यातलं मुदतीचं घड्याळ खरं, वयाचं अर्धवट. बघा ना, चौसष्टाव्या वर्षी बिशप झालेला माणूस वर्षभरात जातो. त्याला दारं-खिडक्या कळेपर्यंत निरोपाची पत्रिका छापून होते. पंचेचाळिसाव्या वर्षी झालेला वीस वर्षं बसतो. नियम दोघांना सारखाच लागू, आणि परिणाम? वीस वर्षांत एका डायोसीसमधले सगळे पाळक त्याच्याच हाताखाली दीक्षित होतात, शाळांचे मुख्याध्यापक त्याच्याच सहीनं नेमले जातात, ट्रस्टवर त्याचेच लोक असतात. त्याला नाही म्हणणारं कुणी उरत नाही. हे सगळं करायला माणूस वाईट असावा लागत नाही. फक्त बराच काळ असावा लागतो.

सिनड, डायोसीस हे मोठं झालं. लहानात सांगते. आमच्या एका मंडळीत खजिनदार होते. त्यांना सगळे भाऊच म्हणत. चोख माणूस, एका रुपयाची गफलत नाही, प्रत्येक व्हाउचरला टाचणी. दर निवडणुकीत कुणीतरी म्हणे, भाऊंनाच राहू द्या, आणि हात वर होत. भाऊ पावसाळ्यात अचानक गेले. दफनविधीनंतर चार दिवसांनी वीज बिल भरायचं आलं तेव्हा लक्षात आलं की चर्चच्या खात्याला मोबाइल नंबर भाऊंचा आहे. ओटीपी भाऊंच्या फोनवर. फोन मुलाकडे, मुलगा पुण्याला, फोनला कुलूप आणि कुलपाचा आकडा भाऊंबरोबर गेलेला. बँकेत गेलो तर ते म्हणाले, विश्वस्तांचा ठराव आणा आणि धर्मादाय कार्यालयाचा बदल अर्ज मंजूर झाल्याचं दाखवा. सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयात गेलो तर कळलं, परिशिष्ट एकवर जी नावं आहेत त्यांतली तीन माणसं भाऊंच्या आधीच वारलेली. कायद्यानं विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो. आमचे रिपोर्ट टाकलेलेच नव्हते, कारण भाऊ होते ना! तिथल्या कारकुनानं यादीवर पेन्सिलनं तीन फुल्या मारल्या आणि मला विचारलं, "बाई, मंडळीत जिवंत कोण कोण आहे?" तोवर आमच्या चौकीदाराचा पगार लोकांनी वर्गणी काढून दिला.

भाऊंवर माझा राग नाही. त्यांना दर वेळी बसवलं आम्हीच. हे लक्षात घ्यायला हवं, कारण निवृत्तीच्या चर्चेत आपण नेहमी खुर्चीला चिकटलेल्या माणसाचं चित्र काढतो. पुष्कळदा माणूस उठायला तयार असतो, खाली बसलेलेच त्याचा हात ओढतात. मदर तेरेसांनी 1990 मध्ये तब्येतीपायी पद सोडायचं ठरवलं होतं. वय ऐंशी. सिस्टर्सनी पुन्हा त्यांनाच निवडलं. अखेर 1997 च्या मार्चमध्ये सिस्टर निर्मला आल्या, आणि सप्टेंबरात मदर गेल्या. प्रेमानं केलेली मुदतवाढ ही सगळ्यांत अवघड, तिच्याविरुद्ध बोललं की बोलणारा कृतघ्न ठरतो.

कॉन्व्हेंटचा विषय निघालाच आहे तर सांगते, मुदतीच्या बाबतीत नन्स लोक आम्हा सगळ्यांच्या पुढे आहेत. कॅनन कायदाच सांगतो की संघाच्या वरिष्ठांना ठराविक काळासाठी नेमावं. त्यामुळे कालची प्रोव्हिन्शियल, म्हणजे संघाच्या एका प्रांताची प्रमुख, आज साधी सिस्टर असते. अशा एक सिस्टर मला ठाऊक आहेत. दोन राज्यांतल्या शाळा, दवाखाने त्यांच्या सहीनं चालत. मुदत संपल्यावर त्यांच्याकडे काम आलं ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं. मी गेले तेव्हा त्या पोळ्यांच्या डब्याच्या झाकणांवर नेलपॉलिशनं आकडे घालत होत्या, पाचवीच्या मुली डबे बदलतात म्हणून. नवी प्रोव्हिन्शियल, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आत आली तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मला अवघडल्यासारखं झालं. त्या दोघींना काहीच झालं नाही.

आमच्या पाळकांना हे का जमत नाही, असं मी एकदा भाबडेपणानं एका निवृत्तीला आलेल्या पाळकसाहेबांच्या पत्नीला विचारलं. त्या पाळकवाड्याच्या मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाभोवती माती उकरत होत्या. रोप कुंडीत निघतं का बघत होत्या. म्हणाल्या, "सिस्टरला कॉन्व्हेंट आहे. आम्हाला काय आहे?" पस्तीस वर्षं त्या आठ गावांच्या पाळकवाड्यांत राहिल्या. प्रत्येक ठिकाणी पडद्याची मापं वेगळी. स्वतःचं घर कधी झालं नाही, कारण लागलंच नाही. आणि पगारात झालंही नसतं. आता एकतीस तारखेला किल्ली द्यायची, धाकट्या मुलीची परीक्षा पंधरा दिवसांनी, आणि नव्या पाळकांचं सामान टेम्पोत भरलेलं. "पंधरवडा राहू द्या म्हटलं तर कमिटीत कुणीतरी म्हणालं, बघा, सुटत नाही यांना."

त्या दिवसापासून मी 'सुटत नाही' हे शब्द जपून वापरते. बंगला, गाडी, ड्रायव्हर, समोर उभे राहणारे लोक हे सुटत नाही, हे खरंच. पण खालच्या पायरीवर पुष्कळदा प्रश्न डोक्यावरच्या छपराचा असतो. निवृत्तीचं वय ठरवणारे ठराव मी बरेच ऐकले. निवृत्त पाळकानं राहायचं कुठे यावरचा ठराव क्वचितच ऐकला. सिव्हिल लाइन्स आणि सदरमध्ये चर्चच्या नावे असलेल्या जागांचे आजचे भाव बघा आणि मग हे बघा. माझा हिशेब जुळत नाही.

शास्त्रात मात्र या दोन्ही गोष्टी एका दमात आल्या आहेत. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेव्यांची, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या लोकांची, निवृत्ती सांगितली आहे: पंचविसाव्या वर्षी सेवेला लागावं, पन्नासाव्या वर्षी सेवा थांबवावी. पन्नास! पण लगेच पुढे म्हटलं आहे की त्यानं आपल्या भाऊबंदांना त्यांच्या कामात साह्य करावं, ती सेवा मात्र स्वतः करू नये. निवासमंडपाचे, म्हणजे उपासनेच्या फिरत्या तंबूचे, खांब, पडदे वाहून न्यायचं अंगमेहनतीचं काम ते. पन्नाशीत कंबर धरते हे देवालाही ठाऊक. प्रवचनांत हा उतारा फारसा येत नाही, का ते सांगायला नको.

मुख्य याजकाला मात्र निवृत्ती नव्हती, मरेपर्यंत पद. आणि त्या मरेपर्यंतच्या पदाचं काय होतं तेही त्याच पुस्तकात आहे. हातून चुकून माणूस मेला तर मारणाऱ्यानं शरणपुरात पळून जायचं आणि त्या वेळचा मुख्य याजक मरेपर्यंत तिथेच राहायचं. तो मेला की याची सुटका. मिश्ना या यहुदींच्या जुन्या नियमसंग्रहात यावर एक नोंद आहे, मला ती फार आवडते: मुख्य याजकांच्या आया शरणपुरातल्या लोकांना अन्नवस्त्र पुरवत, का, तर आपल्या मुलाला लवकर मरण यावं अशी प्रार्थना त्यांनी करू नये म्हणून. आईची ती धडपड वाचून हसू येतं आणि मग येत नाही. तहहयात खुर्ची असली की कुणीतरी कुठेतरी वाट बघत बसतंच. मंडळीतले चांगले, प्रार्थनाशील लोक, बिशपसाहेबांच्या मधुमेहाची चौकशी कशी करतात, हे मी ऐकलेलं आहे. काळजीनं करतात, आणि आकडाही लक्षात ठेवतात.

वय की मुदत, पासष्ट की पंचाहत्तर, यावर माणसं भांडू शकतात; मला त्यात कुणी उपाशी मरेल असं वाटत नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये 1975 च्या कायद्यानं सत्तर आहे, चाललंय. भांडण करावं असा मुद्दा माझ्या मते एकच: नियम बदलणारा कोण आणि कुणासाठी? दक्षिणेतल्या आमच्या थोरल्या भावंडाचं, 1947 साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाचं उदाहरण ताजं आहे. तिथे निवृत्तीचं वय सदुसष्टवरून सत्तर करायची घटनादुरुस्ती 2022 मध्ये पुढे आली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. सत्तरच्या बाजूनं बोलायला खूप आहे, आजकाल सत्तरीतली माणसं फुटाळा तलावाला तीन फेऱ्या मारतात. पण पदावरच्या माणसालाच फायदा होईल अशा वेळी अशी दुरुस्ती आली की तिच्यातलं शहाणपण कुणाला दिसत नाही, फक्त घाई दिसते. वय वाढवायचं तर वाढवा, पुढच्या बिशपपासून.

न्यायाधीशांचं मला म्हणून बरं वाटतं. उच्च न्यायालयात बासष्ट, सर्वोच्च न्यायालयात पासष्ट, ज्याला त्याला आपली तारीख नेमणुकीच्या दिवशी माहीत. आमचे नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश झाले तेव्हाच ते कधी निवृत्त होणार हे वकिलांच्या कँटीनमध्ये ठाऊक होतं. कुणी त्यांचं वय काढलं नाही, कुणी त्यांना थांबा म्हणून गळ घातली नाही.

आमच्या पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीत, मी गेल्या सभेला तीन गोष्टी मांडल्या. कुठलंही पद सलग दोन मुदतींहून जास्त नाही. खात्याचा मोबाइल नंबर चर्चच्या नावाचा, फोन ऑफिसच्या कपाटात. आणि पाळकसाहेबांच्या निवृत्तीआधी दोन वर्षं त्यांच्या घराचा विषय सभेपुढे यायचा, ते काढोत न काढोत. दुसरी लगेच मंजूर झाली. भाऊंचा ओटीपी अजून सगळ्यांना आठवतो. तिसरी वित्त उपसमितीकडे गेली, म्हणजे कुठे गेली ते वाचकांना समजलं असेल. पहिलीवर सेक्रेटरी म्हणाले, "मुदत ठेवा ना, पण काम कोण करील? पोट्टे तर रविवारी पाठीमागच्या बाकावर बसून मोबाइल पाहतात." मागच्याच बाकावरची एक मुलगी, मिहानमध्ये नोकरी करते, उभी राहून म्हणाली की ती खजिनदार व्हायला तयार आहे, फक्त सभा रविवारी दुपारी जेवणाच्या वेळेला नको, शुक्रवारी रात्री ऑनलाइन घ्या. ऑनलाइन सभेला प्रार्थनेनं सुरुवात कशी करायची, यावर मग पाऊण तास वाद झाला आणि सभा तहकूब झाली.